कादिझ : पाहुणे वाढले, शेजारी घटले

तीन हजार वर्षांचा वारसा, जवळजवळ चहूबाजूंनी समुद्र आणि पायी हिंडून पाहता येईल एवढे आटोपशीर जुने गाव. शनिवार-रविवारच्या निवांत मुक्कामासाठी दक्षिण स्पेनमधील कादिझसारखे दुसरे ठिकाण सहजी सापडणार नाही. मात्र ज्या निवांतपणासाठी पर्यटक येथे येतात, त्याच्यामागे शहराच्या ओसरत्या लोकसंख्येची कहाणी दडलेली आहे. गेल्या काही वर्षांत स्पेनमध्ये पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध जे मोर्चे निघाले, त्यांचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर कादिझच्या गल्ल्यांतून एक फेरफटका मारायला हवा.

दोन दिवसांचा मुक्काम

सेव्हिलहून निघालेली रेल्वेगाडी दोन तासांच्या आत कादिझला पोहोचते. अखेरच्या टप्प्यात ती एका चिंचोळ्या भूपट्टीवरून धावू लागते. एका बाजूला उपसागराचे संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिक महासागर. या पट्टीच्या टोकाला, एखाद्या नांगरलेल्या जहाजासारखे, जुने कादिझ उभे आहे. रेल्वेस्थानक बंदराला अगदी खेटून आहे. स्थानकाबाहेर पडताच धक्क्याला लागलेली प्रचंड प्रवासी जहाजे नजरेस पडतात आणि पाच-दहा मिनिटांत जुन्या गावाच्या गल्ल्या सुरू होतात. वाहन करण्याची गरजच भासत नाही.

शुक्रवारी सायंकाळी येथे उतरणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. शनिवारी सकाळी मध्यवर्ती मंडईत फेरफटका. 1838 साली उभारलेली ही मंडई स्पेनमधील सर्वांत जुन्या बंदिस्त मंडयांपैकी एक आहे. येथील मासळीच्या ओट्यांवर वसंत ऋतूत टुना माशाचे राज्य असते. हा मासा कादिझच्या किनाऱ्यावर 'अल्माद्राबा' नावाच्या पद्धतीने, समुद्रात जाळ्यांचा चक्रव्यूह रचून पकडला जातो. पद्धतीची मुळे फिनिशियन काळापर्यंत पोहोचतात. मंडईबाहेर कागदाच्या पुडीत गरमागरम तळलेली मासळी मिळते. जवळ्यासारखी इवलीशी कोळंबी हरभऱ्याच्या व गव्हाच्या पिठात कालवून केलेली कुरकुरीत धिरडी हे तर कादिझचे खास खाद्य. कोकणातल्या माणसाला ती परकी वाटू नयेत.

दुपारी तविरा मनोऱ्यावर जायचे. 1778 साली हा मनोरा बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. आज तेथील अंधाऱ्या खोलीत भिंग आणि आरसा यांच्या साहाय्याने संपूर्ण शहराचे हलते चित्र एका पांढऱ्या तबकडीवर उमटते. गच्च्यांवर वाळत घातलेले कपडेसुद्धा त्यात वाऱ्याने हलताना दिसतात. सायंकाळी 'ला कालेता' या छोट्या पुळणीवर सूर्यास्त पाहायचा. दोन टोकांना दोन किल्ले आणि मध्ये नांगरलेल्या होड्या असे हे दृश्य आहे. 2002 साली प्रदर्शित झालेल्या 'डाय अनदर डे' या जेम्स बाँडपटात याच किनाऱ्याने हवानाची भूमिका वठवली होती. रविवारी सकाळी सोनेरी घुमटाचे कॅथेड्रल पाहायचे. याच गावात 1876 साली जन्मलेले संगीतकार मानुएल दे फाया यांची समाधी त्याच्या तळघरात आहे. सायंकाळच्या गाडीने पाहुणा परततो. दोन दिवसांत त्याला गर्दी फारशी जाचत नाही, कोणी घाईत दिसत नाही आणि शहर जणू आपल्याचसाठी थांबले आहे, असे वाटत राहते.

शहर खरोखरच थांबले आहे का, हा प्रश्न सोमवारी सकाळी तेथे राहणाऱ्यांना पडतो.

घर बांधणारे पाहुणे

परंपरेनुसार टायर येथील फिनिशियन व्यापाऱ्यांनी इसवी सनापूर्वी 1104 मध्ये कादिझ वसवले. उत्खननात सापडलेले अवशेष त्याहून काही शतके अलीकडचे आहेत. तरीही पश्चिम युरोपातील सर्वांत जुन्या, सलग वस्ती असलेल्या शहरांत कादिझची गणना होते. 'गादिर' या मूळ नावाचा अर्थ तटबंदीचे ठिकाण. रोमनांनी त्याचे 'गादेस' केले. त्यांचे भव्य नाट्यगृह 1980 साली, जुन्या वस्तीखालून पुन्हा उजेडात आले. कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीसाठी 1493 साली 17 जहाजे घेऊन निघाला, तो याच बंदरातून.

शहराचे भाग्य खऱ्या अर्थाने उजळले ते अठराव्या शतकात. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींशी होणाऱ्या व्यापाराचे नियंत्रण करणारी कचेरी 1717 मध्ये सेव्हिलहून कादिझला हलवण्यात आली आणि सोने, चांदी, कोको, तंबाखू यांचा ओघ या बंदराकडे वळला. जेनोआचे, फ्रान्सचे, आयर्लंडचे व्यापारी येथे आले आणि घरे बांधून स्थायिक झाले. आपले जहाज क्षितिजावर दिसताच कळावे, म्हणून त्यांनी घरांवर मनोरे चढवले. असे शंभराहून अधिक मनोरे आजही शिल्लक आहेत. पर्यटकाच्या कॅमेऱ्यात आवर्जून टिपला जाणारा कादिझचा चेहरामोहरा या 'बाहेरच्यां'नीच घडवलेला आहे.

याच मोकळ्या, व्यापारी वातावरणातून शहराचा सर्वांत मोठा राजकीय वारसाही जन्माला आला. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला असताना कादिझ वेढा सोसत उभे राहिले आणि 19 मार्च 1812 रोजी येथे स्पेनची पहिली उदारमतवादी राज्यघटना जाहीर झाली. सार्वभौमत्व राजाचे नसून राष्ट्राचे असते, असे तिने सांगितले. राष्ट्राचे सुख हे शासनाचे उद्दिष्ट आहे, असेही तिने लिहून ठेवले. तिचे पडसाद दूरवर उमटले. स्पेनमध्ये ही घटना पुन्हा लागू झाल्याचे वृत्त कलकत्त्यात पोहोचले, तेव्हा राजा राममोहन रॉय यांनी मेजवानी देऊन आनंद साजरा केला होता. घटनेची एक स्पॅनिश आवृत्तीही त्यांना अर्पण करण्यात आली होती.

तेव्हा, कादिझला पाहुण्यांचे वावडे कधीच नव्हते. हे शहर तीन हजार वर्षे बाहेरून येणाऱ्यांवरच जगले. फरक आहे तो पाहुण्याच्या स्वरूपात. अठराव्या शतकातला पाहुणा घर बांधत असे, लग्न करत असे, मुलांना येथे वाढवत असे. आजचा पाहुणा दोन रात्रींसाठी येतो आणि ज्या घरात तो उतरतो, ते पूर्वी एखाद्या कुटुंबाचे असण्याची शक्यता मोठी असते.

दीड लाखांवरून एक लाख दहा हजारांवर

1980 च्या दशकाच्या प्रारंभी कादिझची लोकसंख्या दीड लाखाहून अधिक होती. आज ती सुमारे 1 लाख 10 हजार आहे. म्हणजे चार दशकांत शहराने दहापैकी जवळजवळ तीन रहिवासी गमावले. अंदालुसियातील बहुतेक किनारी शहरे याच काळात फुगत गेली, ही बाब लक्षात घेतली, तर या घसरणीचे गांभीर्य कळून येते.

घसरणीचे पहिले कारण भूगोलात आहे. कादिझला वाढायला जागाच नाही. चहूकडे पाणी आणि एकच चिंचोळी जमीन. समुद्र हटवून जेवढी भर घालता येण्याजोगी होती, तेवढी पूर्वीच घातली गेली. त्यामुळे लग्न झालेली तरुण जोडपी उपसागरापलीकडच्या पुएर्तो रेआल, सान फर्नांदो, चिक्लाना या गावांकडे वळली. तेथे नव्या सदनिका होत्या, गाडी उभी करायला जागा होती आणि किमतीही आवाक्यात होत्या. 2015 साली खुला झालेला, 1812 च्या घटनेचे नाव धारण करणारा भव्य पूल उपसागर ओलांडणाऱ्यांची सोय करतो. त्याच पुलावरून सकाळी अनेकजण आपल्या मूळ शहरात कामापुरते येतात आणि सायंकाळी परत जातात.

दुसरे कारण रोजगाराचे. कादिझचा उपसागर हा विसाव्या शतकात जहाजबांधणीचा आणि कारखान्यांचा पट्टा होता. 1970 च्या दशकानंतर युरोपातील जहाजबांधणीला उतरती कळा लागली आणि येथील गोद्यांतून टप्प्याटप्प्याने कामगारकपात झाली. 2007 मध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय या अमेरिकी कंपनीने पुएर्तो रेआलचा कारखाना बंद केला. त्यात सुमारे 1,600 नोकऱ्या थेट गेल्या. पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि कादिझ प्रांतातील बेरोजगारीचे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेले. 2021 मध्ये एअरबसनेही पुएर्तो रेआलमधील काम शेजारच्या कारखान्यात हलवण्याचा निर्णय घेतला.

उरलेला रोजगार किती मोलाचा आहे, याचे प्रत्यंतर 2018 मध्ये आले. येमेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर सौदी अरेबियाला 400 बाँब विकण्याचा करार रद्द करण्याचा विचार स्पेन सरकारने बोलून दाखवला. त्याच देशासाठी पाच युद्धनौका बांधण्याचे काम हातचे जाईल, या भीतीने कादिझच्या उपसागरातील गोदी कामगार रस्त्यावर उतरले. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. नैतिकता आणि पोटाचा प्रश्न यांच्यातील हा पेच या शहराला नवा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये वेतनवाढीसाठी धातू उद्योगातील कामगारांनी नऊ दिवस संप केला, तेव्हा पोलिसांचे चिलखती वाहन कामगारवस्तीत शिरल्याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. जून 2025 मध्ये याच क्षेत्रात पुन्हा संप झाला. सहलीला आलेल्या पाहुण्याच्या छायाचित्रांत ही दुसरी बाजू येत नाही.

वाडा गेला, खोल्या आल्या

कारखाने आकसत गेले आणि ती पोकळी पर्यटनाने भरून काढायला सुरुवात केली. शहराकडे विकण्याजोगे जे होते, ते समुद्र, इतिहास आणि निवांतपणाच्या रूपात हाताशी होतेच. प्रवासी जहाजांतून वर्षाला लाखो लोक उतरू लागले. मात्र जहाजांपेक्षाही खोलवर परिणाम केला तो संकेतस्थळांवरून दिवसाच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांनी.

जुन्या कादिझमधील पारंपरिक घराची रचना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. मध्ये चौक, भोवती मजल्यामजल्यांवर खोल्या आणि त्यांत राहणारी अनेक भाडेकरू कुटुंबे. एके काळच्या व्यापाऱ्यांचे वाडे पुढे असे विभागले गेले आणि त्यांचे आपल्याकडच्या चाळीसारखे काहीतरी झाले. कित्येक ठिकाणी स्वच्छतागृह सामाईक असे, भिंतींना ओल असे. या दुरवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारला अशा घरांच्या दुरुस्तीसाठी खास योजना राबवाव्या लागल्या, त्या उगाच नव्हे. मात्र या चौकातच ला विन्या, सांता मारिया, पोपुलो या मोहल्ल्यांचे सामाजिक जीवन फुलले होते.

अशी इमारत दुरुस्त करून दीर्घ मुदतीच्या भाडेकरूला देण्यापेक्षा पर्यटकांना रात्रीच्या दराने देणे मालकाला कितीतरी अधिक फायद्याचे ठरते. त्याचा हिशेब साधा आहे. उन्हाळ्यातील काही आठवड्यांचे आणि कार्निव्हलच्या दिवसांचे उत्पन्न एखाद्या कुटुंबाच्या अनेक महिन्यांच्या भाड्याला मागे टाकते. भाडेकरार संपतो, नूतनीकरण होते, दारावर किल्लीची छोटी पेटी बसते आणि पुढच्या आठवड्यापासून चाकांच्या बॅगांचा आवाज सुरू होतो.

मोठ्या शहरात अशी हजार घरे गेली, तर उपनगरात दुसरी हजार बांधता येतात. कादिझमध्ये ते शक्य नाही. येथे पर्यटकाकडे गेलेले प्रत्येक घर हे रहिवाशाच्या हातून कायमचे गेलेले घर ठरते. म्हणूनच माद्रिद किंवा बार्सिलोनापेक्षा लहान असूनही या शहरात प्रश्न अधिक टोकदार झाला आहे.

घरे गेली की दुकाने बदलतात. चपला दुरुस्त करणारा, किराणा विकणारा, शाळेची पुस्तके ठेवणारा यांना रोजचे गिऱ्हाईक लागते. शनिवारच्या पाहुण्याला आइस्क्रीम आणि शीतकपाटावर चिकटवायची चुंबके हवी असतात. व्यापारी गाळा ज्याचे गिऱ्हाईक अधिक खर्च करते त्याच्याकडे जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, बाजाराचा साधा नियम आहे. पण त्या नियमाला मोकळे सोडले, तर रहिवाशाला शहर सोडण्याची आणखी एक सबब मिळते.

रस्त्यावर उतरलेला असंतोष

कादिझची ही कहाणी एकट्या कादिझची नाही. 2024 मध्ये स्पेनला 9 कोटी 38 लाख परदेशी पर्यटकांनी भेट दिली. देशाची लोकसंख्या पाच कोटींहून कमी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे आठवा भाग पर्यटनातून येतो. 1960 च्या दशकात फ्रँकोच्या राजवटीने परकीय चलनासाठी किनारे खुले केले, तेव्हापासून जवळपास प्रत्येक सरकारने पर्यटकांची वाढती संख्या हेच यशाचे माप मानले. हे माप अपुरे आहे, अशी जाणीव आता प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर व्यक्त होत आहे.

एप्रिल 2024 मध्ये कॅनरी बेटांवर हजारो लोक मोर्चात सामील झाले. 29 जूनला मालागा आणि कादिझ येथे घरांच्या मागणीसाठी निदर्शने झाली. 6 जुलैला बार्सिलोनात काही निदर्शकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले आणि ते छायाचित्र जगभर पोहोचले. जून 2025 मध्ये स्पेन, पोर्तुगाल व इटलीतील अनेक शहरांत एकाच दिवशी निदर्शने झाली. पिचकारीच्या छायाचित्रामुळे 'पर्यटकांचा द्वेष' असे चित्र उभे राहिले खरे. मात्र मोर्चांमधील प्रमुख मागणी पर्यटकांना हाकलण्याची नव्हती. ती परवडणाऱ्या घरांची होती. 1978 च्या राज्यघटनेतील 47 वे कलम प्रत्येक स्पॅनिश नागरिकाला योग्य निवासाचा हक्क देते. मोर्चेकरी त्या कलमाचीच आठवण करून देत होते.

सरकारी पातळीवर हालचाल झाली नाही, असे नाही. बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून 2024 मध्ये शहरातील सर्व 10,101 पर्यटक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले. शहरातील घरभाडे दहा वर्षांत 68 टक्क्यांनी वाढल्याचे कारण त्यांनी दिले होते. अंदालुसियाने 2024 च्या प्रारंभी नियम बदलून अशा सदनिकांवर मर्यादा घालण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. त्याचा आधार घेत मालागाने जानेवारी 2025 मध्ये 43 वस्त्यांत नव्या पर्यटक सदनिकांची नोंदणी थांबवली. एप्रिल 2025 पासून इमारतीतील तीन-पंचमांश मालकांची संमती असल्याशिवाय नवी पर्यटक सदनिका सुरू करता येणार नाही, असा देशव्यापी नियम लागू झाला. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने एअरबीएनबी या संकेतस्थळाला 65 हजारांहून अधिक बेकायदा जाहिराती काढून टाकण्याचा आदेश दिला. अल्पमुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी क्रमांक 1 जुलै 2025 पासून सक्तीचा करण्यात आला.

बंदी पुरेशी आहे का?

या उपायांची दिशा योग्य असली, तरी त्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली गोष्ट म्हणजे नवे परवाने थांबवल्याने जुने रद्द होत नाहीत. ज्यांच्या हाती परवाना आहे, त्यांची मिळकत उलट अधिक मौल्यवान होते. दुसरे म्हणजे पर्यटकांकडून काढून घेतलेले घर आपोआप भाडेकरूला मिळतेच, असे नाही. ते उन्हाळी घर म्हणून माद्रिदच्या एखाद्या श्रीमंत कुटुंबाकडे जाऊ शकते आणि वर्षातले दहा महिने कुलूपबंद राहू शकते.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. स्पेनने गेल्या अर्धशतकात घरे बांधली, पण ती प्रामुख्याने मालकी हक्काने विकण्यासाठी. सरकारी मदतीने बांधलेली घरेही काही वर्षांनी खुल्या बाजारात गेली. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनीच जानेवारी 2025 मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार स्पेनमधील एकूण घरांत सार्वजनिक घरांचे प्रमाण जेमतेम अडीच टक्के आहे. फ्रान्समध्ये ते 14 आणि नेदरलँड्समध्ये 34 टक्के आहे. हा पाया इतका दुबळा असताना पर्यटनाचा थोडासा धक्काही भाडेकरूला रस्त्यावर आणतो. तेव्हा पर्यटनाला सगळा दोष देणे हे राज्यकर्त्यांच्याही सोयीचे आहे. घरे न बांधल्याचा जाब त्यामुळे टळतो.

पर्यटनाची दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी. कारखाने बंद पडलेल्या या प्रांतात उपाहारगृहे, हॉटेले, बंदर, बाजार यांवर हजारो कुटुंबांची चूल पेटते. तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला वारसाहक्काने मिळालेल्या एका खोलीच्या भाड्याची जोड देणारी वृद्ध दांपत्येही आहेत. त्यांना आणि इमारतीच्या इमारती विकत घेणाऱ्या गुंतवणूकदारांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न कामाच्या दर्जाचाही आहे. पर्यटनातील नोकरी बहुधा हंगामी असते आणि वेतन बेताचे. हॉटेलांच्या खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांनी स्पेनभर 'लास केलिस' या नावाने संघटना उभारली ती यामुळेच. गोदीतील कुशल कामगार एका पगारावर संसार चालवत असे. खोल्या साफ करणाऱ्या त्याच्या मुलीला शहरात घर भाड्याने घेणेही परवडत नाही. कारखान्याच्या जागी पर्यटन आले म्हणजे रोजगाराला रोजगार मिळाला, हे गणित म्हणूनच फसवे आहे.

कार्निव्हलचा आवाज कोणाचा?

या प्रश्नाची सांस्कृतिक किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती कार्निव्हलमध्ये. कादिझचा कार्निव्हल निव्वळ वेषभूषेचा सोहळा नाही. मोहल्ल्यांतील मंडळी महिनोन्महिने तालीम करून 'चिरिगोता' ही विडंबनगीते रचतात आणि फाया नाट्यगृहातील स्पर्धेत व नंतर रस्त्यारस्त्यांवर सादर करतात. राजा, पंतप्रधान, महापौर, बिशप यांपैकी कोणाचीही त्यातून सुटका होत नाही. फ्रँकोच्या राजवटीने या उत्सवावर बंदी घातली होती, यावरून त्याची धार लक्षात यावी. अलीकडच्या वर्षांत घरभाडे आणि पर्यटक सदनिका हे या गीतांचे हमखास विषय झाले आहेत.

विसंगती अशी, की याच कार्निव्हलसाठी हजारो पाहुणे येतात आणि त्यांच्या मुक्कामासाठी घरे रिकामी केली जातात. चिरिगोता रचणारे मोहल्ल्यात राहिले नाहीत, तर गाणे कोण रचणार? उपसागरापलीकडच्या नव्या वसाहतीतून येऊन कार्यक्रम सादर करता येतो. परंतु शेजारच्या दुकानातले संभाषण, चौकातली कुजबुज, आजीचा टोमणा हे ज्याच्या कानावर रोज पडते, त्यालाच तसे गाणे सुचते. पर्यटनाचा माल म्हणून जे विकले जाते, ते निर्माण करणारा माणूसच पर्यटनामुळे दूर लोटला जात आहे. निव्वळ धंद्याच्या दृष्टीने पाहिले, तरी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पाहुण्याने काय करावे?

स्पेन आता भारतीय मध्यमवर्गालाही परका राहिलेला नाही. 2011 साली प्रदर्शित झालेल्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या चित्रपटानंतर भारतीयांच्या सहलींत स्पेनला मानाचे स्थान मिळाले. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधान सांचेझ वडोदऱ्याला आले असताना 2026 हे वर्ष संस्कृती, पर्यटन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे भारत-स्पेन वर्ष म्हणून साजरे करण्याचे दोन्ही देशांनी जाहीर केले. तेव्हा कादिझच्या पुळणीवर सूर्यास्त पाहणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे चेहरेही दिसू लागतील, यात शंका नाही.

या पाहुण्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. घराचा प्रश्न सोडवणे हे शासनाचे काम आहे, सहलीला आलेल्या माणसाचे नव्हे. मात्र काही गोष्टी त्याच्याही हाती आहेत. हॉटेलात किंवा स्थानिक कुटुंबाच्या खाणावळीत उतरणे, सदनिकाच घ्यायची तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे की नाही ते पाहणे, ऐन ऑगस्टऐवजी शरद ऋतूत जाणे आणि मंडईत नुसती छायाचित्रे न काढता काही विकत घेणे. यामुळे शहर वाचणार नाही, पण पाहुणा आणि यजमान यांचे नाते सुधारेल.

खरी कसोटी शासनाची आहे. पर्यटक सदनिकांवर मर्यादा, रिकाम्या घरांवर कर, मोडकळीस आलेल्या वाड्यांची सार्वजनिक दुरुस्ती करून ती घरे कायम भाड्यासाठीच राखून ठेवणे आणि उपसागरातील उद्योग टिकवणे, या चारही गोष्टी एकत्र झाल्या, तरच लोकसंख्येची घसरण थांबू शकेल. यांपैकी केवळ पहिलीवर भर देणे सोपे आहे, कारण तिला पैसा लागत नाही.

राष्ट्राचे सुख हे शासनाचे उद्दिष्ट, असे ज्या शहरात दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले गेले, त्याच शहरात आज आपल्या माणसांना राहायला जागा उरेल का, हा प्रश्न विचारावा लागत आहे. रविवारी सायंकाळी पाहुण्यांची गाडी सुटते. सोमवारी सकाळी शाळेला मुले लागतात, गोदीला कामगार लागतात, मंडईला रोजचे गिऱ्हाईक लागते. सध्या त्यांतील पुष्कळजण पुलापलीकडून येतात. ते पुन्हा मनोऱ्यांच्या सावलीत राहायला येऊ शकले, तरच पुढच्या शुक्रवारी येणाऱ्या पाहुण्याला पाहण्यासारखे कादिझ शिल्लक राहील.